सतरा उत्तरे

नोकरीसाठी चिठ्ठी लागते, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? कुणी ती दिली असेल, कुणी घेतली असेल, आणि चिठ्ठी नव्हती म्हणून कुणी दारातूनच परतला असेल. एका मोठ्या इस्पितळाच्या भरती कचेरीत तर अशा चिठ्ठ्यांचा एक अख्खा खण होता. "मुलगा होतकरू आहे, सामावून घ्यावे." "आमच्या साडूंची भाची, लक्ष असू द्यावे." खण आत ढकलला की चिठ्ठ्यांच्या जाडीने तो परत बाहेर येई.

तिथे नवे भरती अधिकारी आले. वय चाळिशीचे, सरळमार्गी माणूस. कुणाच्या ओळखीशिवाय स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तो खण रद्दीच्या पोत्यात उपडा केला आणि सांगितले, "यापुढे परीक्षा. जो पास तो आत. माझा सख्खा भाऊ आला तरी हेच."

वाचकहो, या गोष्टीत पुढे जे घडले त्यामुळे तुम्ही या माणसाला वाईट म्हणाल. म्हणू नका. त्यांचा हेतू चांगलाच होता.

परीक्षा एका कंपनीकडून तयार मिळाली. तिचे नाव मानसिक क्षमता चाचणी. चाळीस प्रश्न, वीस मिनिटे. आकड्यांच्या रांगेत पुढचा आकडा कोणता, चार आकृत्यांमध्ये वेगळी कोणती, अमुक शब्दाचे तमुक शब्दाशी नाते तसे आणखी कुणाचे कुणाशी. बावीस उत्तरे बरोबर आली की पास. कारकून, वाहनचालक, स्वयंपाकी, पहारेकरी, सगळ्यांना एकच कागद. जे वर्षानुवर्षे तात्पुरते म्हणून राबत होते त्यांनाही तोच. पास झाले तर कायम, नाही तर घरी.

त्या तात्पुरत्यांमध्ये एक बाई होती. सगळे तिला 'दोनदा मावशी' या नावाने हाक मारत.

ऑपरेशन थिएटरच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. मध्ये पत्र्याचे टेबल, कोपऱ्यात वाफेचे मोठे यंत्र, भिंतीला लागून धुतलेल्या कापडांचे गठ्ठे. ऑपरेशनची हत्यारे आणि कापडे इथे स्वच्छ होऊन पाकिटांत बंद होत. मावशीचे काम गॉजच्या घड्यांचे. ऑपरेशन करताना रक्त टिपायला लागतात त्या पांढऱ्या जाळीदार कापडाच्या घड्या. एका पाकिटात बरोबर दहा. नऊ नाही, अकरा नाही. कारण ऑपरेशन संपले की डॉक्टर माणसाचे पोट शिवण्याआधी बाहेर आलेल्या घड्या मोजतात. तीन पाकिटे उघडली असतील तर तीस घड्या बाहेर दिसल्या पाहिजेत. एक कमी दिसली तर ती आत राहिली.

मावशी चौदा वर्षे हे काम करत होती. इस्त्रीच्या गरमीने दोन घड्या कधीकधी एकमेकींना अशा चिकटत की डोळ्यांना एकच दिसे. म्हणून ती प्रत्येक घडीचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघायची. एकदा डावीकडून उजवीकडे मोजायची, मग उजवीकडून डावीकडे. दोन्ही वेळा दहा आले की पाकीट बंद. मध्येच कुणी हाक मारली आणि मोजणी तुटली, तर पाकीट उघडेच बाजूला ठेवायची. न मोजलेल्या पाकिटाला तिने कधी चिकटपट्टी लावली नाही.

"मावशी, लग्नात हारसुद्धा दोनदा घातला होतास का गं?" बरोबरच्या बाया चिडवायच्या.

"घातला असता," मावशी म्हणायची, "पण माणूस तेवढ्यात पळून गेला असता."

तिच्या हाताची ख्याती अशी की थिएटरमध्ये एक रीतच पडून गेली होती. नियमाप्रमाणे पाकीट उघडताना तिथल्या सिस्टरने घड्या पुन्हा मोजायच्या असत. पण पाकिटावर मावशीची सही दिसली की कुणी मोजत नसे. चौदा वर्षांत एकदाही दहाचे अकरा झाले नव्हते. मग कशाला वेळ घालवायचा? हे ध्यानात ठेवा, कारण या गोष्टीतली पहिली चूक हीच आहे, आणि ती परीक्षेच्या आधीची आहे.

परीक्षेच्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये बाकडी मांडली होती. कंपनीचा तरुण माणूस घड्याळ घेऊन उभा होता. "मंडळी, वेळ कमी आहे," तो म्हणाला. "अडलं तर थांबू नका. येत नसेल तर काहीही खूण करून पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत."

मावशी सातवीपर्यंत शिकलेली. आकड्यांना ती भीत नव्हती. पहिला प्रश्न तिने सोडवला, आणि हात सवयीने परत मागे गेला. उलट बाजूने पडताळून पाहिले. बरोबर. उत्तरापाशी बारीक ठिपका दिला. मग दुसरा. तोही दोनदा. शेजारचा पहारेकरी भराभर खुणा करत पान उलटत होता.

"अगं मावशी, ठोक काहीतरी," तो पुटपुटला.

"न बघता कसं ठोकू?" ती म्हणाली.

वीस मिनिटे झाली तेव्हा तिचे सतरा प्रश्न झाले होते. अठराव्याचे उत्तर तिला एकदा मिळाले होते, पण उलटून बघायचे राहिले होते. म्हणून तिने ते लिहिले नाही.

निकाल लागला. मावशी नापास.

थिएटरच्या मोठ्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या. सगळे इस्पितळ त्यांना वचकून असे. त्या सरळ भरतीच्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, त्या बाईला काढू नका."

"सिस्टर, तुम्ही पण चिठ्ठी आणलीत?" साहेब हसून म्हणाले.

"चिठ्ठी नाही. मी स्वतः आलेय."

"तेच ते. आज तुमची मावशी, उद्या डॉक्टरांचा ड्रायव्हर, परवा आणखी कुणाचा मेहुणा. मागे एक जण चिठ्ठीवर लागला, त्याला घड्याळ बघता येत नव्हतं, आणि तो रुग्णांना औषधाच्या वेळा सांगत होता. परीक्षेचं बरं असतं सिस्टर. ती कुणाला तू कुणाचा कोण असं विचारत नाही."

"नाही विचारत, खरं आहे. पण तू काम काय करतोस हेही विचारत नाही."

"डोकं चांगलं असेल तर काम शिकता येतं."

"आणि हात चांगला असेल तर?"

साहेबांची नजर टेबलावर गेली. समोर निकालाची यादी होती. यादीत गुण होते, माणसे नव्हती. आणि एकाला सूट दिली की दहा जण दारात उभे राहतील, हेही खोटे नव्हते. सिस्टर उठल्या. उद्या पुन्हा येऊन बोलू असे त्यांनी ठरवले, आणि उद्या सात ऑपरेशने होती.

मावशीच्या जागी एक नवी मुलगी आली. पदवीधर, हसतमुख, चाळीसपैकी अठ्ठावीस गुण. मावशीला तिला शिकवायला दोन दिवस मिळाले. मुलगी वहीत लिहून घेत होती. 'कोपरा चोळणे. दोन्ही बाजूंनी मोजणे.' मावशी म्हणाली, "लिहिलंस ते बरं केलंस. पण हे हाताला कळायला वेळ लागतो गं. घाई करू नकोस."

घरी पत्र आले. मावशीचा नवरा जुना बसचालक. हृदयाचा त्रास सुरू झाल्यापासून खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेला. त्याच्या सात तऱ्हेच्या गोळ्या होत्या. मावशी दर रविवारी सकाळी एका खणाखणाच्या डबीत त्या आठवड्याभरासाठी भरून ठेवायची. अर्थातच दोनदा मोजून.

त्याने पत्र मोठ्याने वाचले. "आपली मानसिक क्षमता या पदासाठी आवश्यक असलेल्या पातळीपेक्षा कमी आढळली आहे."

मावशी चुलीपाशी नव्हती, टेबलापाशी नव्हती, खोलीच्या मधोमध उभी होती. "पुन्हा वाचा," ती म्हणाली.

"कशाला?"

"वाचा हो."

त्याने पुन्हा वाचले. मग पत्राची घडी घालत तो म्हणाला, "यांना काय कळतंय? तीस वर्षं माझ्याबरोबर काढलीस, याहून मोठी मानसिक क्षमता कुठली?"

ती हसली नाही.

त्या रविवारी तिने गोळ्यांची डबी भरली. दोनदा मोजली. झाकण लावले. मग झाकण उघडून तिसऱ्यांदा मोजली. पुढच्या रविवारी चौथ्यांदा. त्याच्या पुढच्या रविवारी ती डबी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "भाऊ, एवढं भरून देता का? माझी चूक होईल."

नवऱ्याने तिला डबी घेऊन जाताना खिडकीतून पाहिले. माणूस नोकरी गमावतो तेव्हा शेजारीपाजारी येऊन दोन शब्द बोलतात. पण स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला, तर त्याचे दुःख कुणाला दिसतच नाही.

तीन महिने गेले. नवी मुलगी काम झपाट्याने करत होती, आणि साहेब खूश होते. एका सकाळी थिएटरमधून एकदम सत्तर पाकिटे मागितली गेली. मुलीने भरली. मोजली, एका बाजूने मोजली. कोपरा चोळायला वेळ नव्हता. एका पाकिटात दोन घड्या चिकटून राहिल्या आणि दहाच्या अकरा गेल्या.

त्या दिवशी एका शिक्षिकेचे पहिले बाळंतपण होते. सिझर करावे लागले. तीन पाकिटे उघडली गेली. रीत पडली होती तशीच, उघडताना कुणी मोजले नाही. पाकिटावर आता सही दुसरीच होती, पण सवय जुनीच होती. फळ्यावर तीस लिहिले. शेवटी मोजल्या तेव्हा घड्या तीस भरल्या. हिशेब जुळला. एकतिसावी आत राहिली.

नवव्या दिवशी ती शिक्षिका तापाने फणफणून परत आली. दुसरे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण गर्भाशय काढावे लागले. तिच्या नवऱ्याने बाहेरच्या बाकावर बाळाला मांडीवर घेतले होते. डॉक्टर त्याला समजावून सांगत होते, आणि तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "पण मोजतात ना? तुम्ही मोजता ना?"

चौकशी बसली. साहेबांनी नव्या मुलीचे कागद काढले. "अठ्ठावीस गुण आहेत हिला," ते म्हणाले. "हुशार मुलगी आहे. हिच्याकडून असं व्हायला नको होतं."

मोठ्या सिस्टर समोर बसल्या होत्या. तीन दिवसांत त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "मावशीचा कागद आहे का तुमच्याकडे?"

"निकाल आहे. सतरा."

"निकाल नको. कागद."

कपाटातून कागद निघाला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी आजवर कुणाचाच कागद पाहिला नव्हता. कंपनीकडून आकडा यायचा, आणि त्या आकड्याखाली ते रेघ मारायचे.

मुलीच्या कागदावर चाळीसही उत्तरे होती. अठ्ठावीस बरोबर, बारा चूक. मावशीच्या कागदावर सतरा उत्तरे होती. सतराही बरोबर. प्रत्येकापाशी एक बारीक ठिपका. आणि अठराव्यापासून पुढे सगळे कोरे.

"हे ठिपके कसले?" साहेबांनी विचारले.

"दुसऱ्यांदा मोजल्याची खूण," सिस्टर म्हणाल्या. "पाकिटावरही करायची ती. तुम्ही वीस मिनिटांत किती होतं ते विचारलंत. तिने किती खात्रीने होतं ते सांगितलं. जे पाहिलं नाही ते तिने कोरं ठेवलं. आमच्या खोलीत कोरं चालतं साहेब. पाकीट उघडं राहिलं तर थोडा उशीर होतो, दुसरं काही होत नाही. चुकीचं बंद झालं तर काय होतं, ते त्या बाकावरच्या माणसाला विचारा."

साहेब कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे परीक्षाच चुकीची?"

"असं कुठे म्हणते मी? एखाद्या कामाला झटपट डोकं लागत असेल. तिथे घ्या ना ही परीक्षा. पण तुम्ही सगळ्यांना एकच पट्टी लावलीत, आणि तीसुद्धा वीस मिनिटांची. जिने चौदा वर्षं समोर काम केलं, तिचं काम बघायला तुम्ही एकदाही खाली आला नाहीत." मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आणि माझंही लिहून घ्या. पाकीट उघडताना मोजायचा नियम होता. तिच्या भरवशावर आम्ही तो सोडला. ती गेली, आणि आम्ही सोडलेलाच ठेवला. त्या मुलीवर एकटीवर टाकू नका हे."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मावशीचे घर शोधले. ते येतील असे कुणाला वाटले नव्हते. नवऱ्याने खिडकीतूनच विचारले, "कोण?"

"इस्पितळातून आलोय."

"आता काय कमी आढळलं?" नवरा म्हणाला.

"अहो, आत तर येऊ द्या त्यांना," आतून मावशी म्हणाली.

साहेब खुर्चीच्या टोकावर बसले. शिक्षिकेची गोष्ट त्यांनी सगळी सांगितली, काही लपवले नाही. मावशी ऐकत होती. तिचा अंगठा बोटावर हलत होता, जणू मध्ये कापडाचा कोपरा होता.

"बाळ बरं आहे?" तिने विचारले.

"बरं आहे."

"आणि त्या नव्या पोरीला काढलंत?"

"चौकशी चालू आहे."

"काढू नका. मला कुणी दोन दिवसांत नव्हतं शिकवलं. पहिले सहा महिने मोठ्या सिस्टर माझं प्रत्येक पाकीट फोडून बघायच्या. मला राग यायचा त्यांचा. तिचं कुणी फोडून बघितलं नाही."

साहेबांनी मान खाली घातली. "मावशी, परत या. कायम करतो. परीक्षा नाही, काही नाही. माझी चूक झाली."

नवऱ्याने आशेने तिच्याकडे पाहिले. इतके दिवस याच वाक्याची तो वाट बघत होता.

"नाही साहेब," मावशी म्हणाली. "आता नाही व्हायचं. आधी मी दोनदा मोजायचे आणि मन शांत व्हायचं. आता पाचदा मोजलं तरी शांत होत नाही. ते पत्र डोळ्यांपुढे येतं. वाटतं, आपल्या डोक्यातच कमी आहे, आपण मोजलेलं खरं कशावरून? असा हात तिथे नको. तिथे खात्रीचा हात पाहिजे."

"पण ते पत्र खोटं होतं," साहेब म्हणाले.

"तुमची सही होती त्याच्यावर."

हे तिने रागाने म्हटले नाही, आणि म्हणूनच साहेबांना ते सहन झाले नाही. रस्त्याने परत जाताना त्यांना आठवत राहिले, की त्या महिन्यात त्यांनी अशी त्रेसष्ट पत्रे काढली होती. मजकूर एकच, फक्त वरचे नाव वेगळे. त्रेसष्ट घरांत कुणीतरी ते मोठ्याने वाचले असेल!

पुढे इस्पितळात बऱ्याच गोष्टी बदलल्या. परीक्षा राहिली, पण जिथे तिचा उपयोग आहे तिथेच, आणि एकट्या तिच्यावर कुणाची नेमणूक ठरेनाशी झाली. आता उमेदवार त्या त्या खोलीत जाऊन आठ दिवस काम करतो, आणि त्याच्या बाजूला उभा राहून कुणीतरी ते बघतो. साहेब स्वतः खाली जातात. त्रेसष्ट जणांना फेरविचारासाठी बोलावले. एकतीस आले. बाकीचे कुठे गेले ते कळले नाही. थिएटरमध्ये पाकीट कुणाच्याही सहीचे असो, उघडताना दोघी जणी मोठ्याने मोजतात. नवी मुलगी अजून तिथेच आहे. ती आता कमी पाकिटे भरते. त्या शिक्षिकेला मात्र यातले काहीच परत मिळाले नाही, आणि मिळणारही नाही.

साहेबांनी मावशीला दुसरे पत्र लिहिले. टंकलेखकाकडून नाही, हाताने. त्यात एवढेच होते: 'आपण सतरा उत्तरे दिलीत. सतराही बरोबर होती. आपली क्षमता कमी नव्हती. आमच्या परीक्षेला ती मोजता आली नाही.'

नवऱ्याने ते वाचून दाखवले. मावशी म्हणाली, "पुन्हा वाचा." त्याने पुन्हा वाचले. "आणा इकडे," म्हणून तिने ते हातात घेतले, बोट ठेवून ठेवून स्वतः वाचले, आणि कपाटात पहिल्या पत्राच्या वर ठेवून दिले. पहिले तिने फाडले नाही.

रविवारी ती औषधाच्या दुकानात गेली नाही. खिडकीपाशी बसून तिने डबीत गोळ्या भरल्या. एकदा डावीकडून मोजल्या, एकदा उजवीकडून. मग तिचा हात झाकणावर बराच वेळ थांबला. नवरा त्या हाताकडे बघत होता. तिने झाकण लावले. पुन्हा उघडले नाही.

इस्पितळात ती परत कधी गेली नाही.

वाचकहो, चिठ्ठीने माणूस घेणे वाईटच, त्यात शंका नाही. पण चिठ्ठीच्या जागी एक आकडा ठेवला म्हणून न्याय होत नाही. माणूस पारखायचा तर त्याच्या कामापाशी जाऊन पारखावा, थोडा वेळ खर्चून, स्वतःच्या डोळ्यांनी. उद्या आपल्यापैकी कुणी भरतीच्या टेबलाच्या अलीकडे बसेल, कुणी पलीकडे. अलीकडे बसलात तर एवढे लक्षात ठेवा: कुणाला नाही म्हणावे लागलेच, तर तो या परीक्षेत उतरला नाही, इतकेच लिहा. माणूसच कमी आहे असे लिहू नका. नोकरी दुसरी मिळते. ते वाक्य मात्र तो जन्मभर मोजत बसतो.